गुरुवारची कळसूबाई

सोमवार, १ सप्टेंबर २०२५

कंपनी दर वर्षी डायरी देते आणि दर वर्षी मी ती कुणाला तरी देऊन टाकतो. यंदा ठेवली, कारण डिसेंबरअखेर मी रिटायर होतोय आणि पुढच्या वर्षी मला कुणी डायरी देणार नाही. आठ महिने कोरीच पडून होती. आज गौरीच्या जेवणानं पोट इतकं तट्ट झालंय की आडवं होता येईना, म्हणून लिहायला बसलो.

पहिली शिफ्ट करून पाचला चाकणहून घरी आलो तर स्वरूपा दारातच. नवी साडी, नाकात नथ, हातात पुरणाचं भांडं. आमची ही एकुलती एक. लग्न होऊन वाकडला गेली, म्हणजे काळेवाडीहून गाडीवर फार तर पंधरा मिनिटं. पण गाठ पडते ती सणावारीच. आमच्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी गुरुवारी, तिच्या आयटीत शनिवार-रविवार. ती मोकळी असते तेव्हा मी कारखान्यात प्रेस मशीनच्या खाली दुरुस्तीला आडवा झालेला असतो आणि मी मोकळा असतो तेव्हा तिच्या मीटिंगा.

"आज सोमवारची कशी काय? रजा टाकलीस?" मी विचारलं.

"घरूनच काम आहे पप्पा," ती म्हणाली.

लॅपटॉप काही मला दिसला नाही. आयटीवाल्यांचं बरं असतं, काम कुठं ठेवलंय ते दिसतच नाही. आमचा प्रेस घरी आणायचा म्हटला तर काळेवाडीचा पूल खचेल.

जेवताना तिनं मधेच विचारलं, "पप्पा, कळसूबाईला जायचं का यंदा?"

माझ्या हातातली वाटी कढीसकट ताटात कलंडली. माझी बायको मंजुषा म्हणाली, बघा, नुसतं नाव काढलं तर हे हाल. सात वर्षं झाली आम्ही गेलो नाही. मी लगेच हो म्हणालो.

बुधवार, ३ सप्टेंबर

काल गौरी गेल्या, तरी स्वरूपा दुपारपर्यंत इथेच होती म्हणे. आईसोबत बसून कुरडया तळल्या. बरं वाटलं.

आज बसमध्ये भीमराजला सांगितलं की आम्ही बापलेक कळसूबाई करणार. भीमराज माझा बसमधला शेजारी, सव्वीस वर्षांपासूनचा. खिडकी त्याची, बडबड माझी. तो म्हणाला, "गुडघ्याला विचारलंस का राव?" गुडघ्याला कोण विचारतो. माझं गाव राजूरच्या अलीकडचं, तिथं गुडघे असलेच घेऊन माणसं देवीला जातात.

दिवसभर जुन्या गोष्टी आठवत होत्या. स्वरूपा दुसरीत होती तेव्हापासूनचा आमचा नेम: गणपती गेले की पहिला गुरुवार कळसूबाईचा. बुधवारी पहिली शिफ्ट उरकायची, हिला शाळेच्या दारातूनच उचलायची, भोसरीहून एसटी. रात्रीचा मुक्काम गावी भावाकडे. पहाटे पायथ्याच्या बारीला पोचायचं आणि चढायला लागायचं. गुरुवारी डोंगर मोकळा. वर पुजारी असतो, तो, आम्ही आणि वारा. सगळी उतरण सोनकीनं पिवळी झालेली.

शाळा बुडायची, म्हणून मी चिठ्ठी द्यायचो. 'कु. स्वरूपा हिस ताप असल्या कारणाने...' एकदा ही शहाणी शुक्रवारी बाईंसाठी सोनकीची फुलं घेऊन गेली आणि वर सांगून आली, कळसूबाईची आहेत. बाईंनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, तुमच्या मुलीला ताप चढतो तो बराच उंच चढतो. मला इतकं हसू आलं की माफी मागायची राहूनच गेली.

आणखी एक. एरवी ही पोरगी तोंडात गुळणी धरल्यासारखी, पण कळसूबाईच्या शिड्यांवर हिचं तोंड उघडायचं. लोखंडी शिडी, ही पुढे, मी मागे, पाय घसरला तर धरायला. तिचं तोंड खडकाकडे. मी दिसत नसलो की हिला बोलता यायचं. डबा हरवला ते शिडीवर. आठवीत गणितात नापास झाली ते शिडीवर. आमच्या जावयाचं, जयदीपचं नावही मी पहिल्यांदा शेवटच्या शिडीवर ऐकलं, अर्ध्यात, दोन्ही हातांत कठडे असताना. काय करणार होतो मी! वर पोचेपर्यंत राग उतरला होता. खाली येताना मात्र ती कायम गप्प.

रविवार, ७ सप्टेंबर

काल विसर्जन झालं. आज दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत स्वरूपाचा फोन.

"पप्पा, येत्या गुरुवारी जाऊ या. अकराला."

"गुरुवारी? आणि तुझी कंपनी?"

"घेईन मी सुट्टी."

"कशाला घालवतेस सुट्टी डोंगरावर. ठेव शिल्लक, पुढं अडीअडचणीला लागेल."

ती हसल्यासारखं करून म्हणाली, "मग चिठ्ठी लिहून द्या ना बाईंना. ताप आलाय म्हणून."

मीही हसलो. म्हटलं, आता तू मोठी झालीस, चिठ्ठीवर भागत नाही.

मला हजेरीचं वेड आहे हे कारखान्यातल्या आमच्या सगळ्या शॉपला माहीत आहे. आमच्या घरात कुकर, कॅसरोल, भिंतीवरचं घड्याळ, सगळं पूर्ण हजेरीचं बक्षीस. मंजुषा म्हणते, नवरा कंपनीनं ठेवून घेतला आणि बदल्यात भांडी दिली. पण माणसानं कामावर असावं. आजकाल तर त्यांच्याकडे माणसं काढण्याचं पीक आलंय. परवाच भीमराज सांगत होता, त्याच्या सोसायटीत दोघा जणांना मेलवर घरी बसवलं. अशा दिवसांत पोरगी गुरुवारची डोंगरावर दिसली तर वरिष्ठ काय म्हणतील? आपल्या स्वरूपाचं तसं काही नाही म्हणा, तिच्यावाचून त्यांचं पान हलत नाही.

मी तिला म्हटलं, मीच रविवारची रजा टाकतो, चौदाला जाऊ. ती म्हणाली, "रविवारी गर्दी असते पप्पा."

"असू दे की. डोंगर काय आपल्या एकट्याचा आहे?"

सोमवार, ८ सप्टेंबर

टाइम ऑफिसात रजेचा अर्ज दिला. तिथला सनी अर्ज उलटा-सुलटा करून बघत म्हणाला, "नवनाथभाऊ, तब्येत बरी आहे ना? शेवटच्या वर्षी हजेरी मोडताय?" मी म्हटलं, लेकीसाठी मोडतोय. सांगताना छाती फुगली होती, खोटं कशाला लिहू.

घरी मंजुषाचं वेगळंच. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "ती गुरुवार म्हणतेय तर गुरुवारीच जा की."

"तिची रजा वाया जाते."

"जाऊ दे. तिला जायचंय तर जा."

"तुला काय कळतं त्यांच्या कंपनीतलं?"

"मला नाही कळत," ती म्हणाली, "पण तुम्ही गुरुवारी जा." आणि पोळी तव्यावर अशी टाकली की मीच दचकलो. सोमवारचा उपास हिला चढतो.

गुरुवार, ११ सप्टेंबर

सुट्टी. मिक्सरचं भांडं झिरपत होतं ते दुरुस्त केलं, पंख्याला तेल दिलं, बूट धुऊन वाळत घातले. मंजुषा सकाळपासून माझ्याशी तुटक बोलतेय. कारण कळलं नाही.

दुपारी रविवारचं विचारायला स्वरूपाला फोन लावला. कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर. परत लावला, तेच. कुठल्या तरी तळघरातल्या मीटिंगला असेल. बघ, म्हटलं मी मंजुषाला, गुरुवारी हिला फोन घ्यायला सवड नाही आणि तू तिला डोंगरावर धाडायला निघालीस. ती उठून आत गेली.

संध्याकाळी स्वरूपाचा फोन आला. दिवसभर बाहेर होते म्हणाली. आवाज बसलेला होता. या एसीनं पोरांचे घसे खराब होतात.

सोमवार, १५ सप्टेंबर

काल रात्री आलो तेव्हा लिहायची ताकद नव्हती. आज लिहितो. जे झालं ते मनासारखं झालं नाही.

शनिवारी शिफ्ट सुटल्यावर ती मला चाकणलाच घ्यायला आली. गाडी तीच चालवत होती. नाकाचा शेंडा उन्हानं सोललेला. ऑफिसात बसून ऊन कसं लागलं, विचारलं, तर म्हणाली लागलं असंच. तिची सॅक मागच्या सीटवर होती, तिच्या जाळीत सोनकीचं एक फूल अडकलेलं. सात वर्षांपूर्वीचं फूल हिनं जपून ठेवलं म्हणून मी ते जाळीत पुन्हा नीट खोचलं. अजून पिवळं होतं. सोनकीचा रंग टिकतो म्हणायचा.

रात्री भावाकडे राहिलो आणि सकाळी बारीला पोचलो तर मला वाटलं आपण चुकून जत्रेत आलो. पुण्या-मुंबईच्या बसांची रांग लागलेली. एकसारखे टीशर्ट घातलेली पोरं, गळ्यात शिट्टी लावलेला त्यांचा म्होरक्या, कुणाच्या सॅकवर गाणी वाजतायत. वाट अशी की पुढच्याची टाच बघत चढायचं. मधल्या विहिरीपाशी छबूबाईचं ताक-सरबताचं दुकान आहे. स्वरूपाला तिनं फ्रॉकातली पाहिलेली, पण काल तिच्याभोवती अशी झुंबड की तिला मान वर करायला फुरसत नव्हती. आम्ही हाक न मारताच पुढे गेलो.

पहिल्या शिडीला स्वरूपा पुढे झाली. मी मागे लागणार तेवढ्यात टीशर्टवाली पाच-सहा पोरं मधे घुसली. काका, जरा, काका, जरा, करत. वरून स्वरूपानं मान वळवून पाहिलं. मी हात केला, चढ तू. पुढच्या शिडीलाही तसंच झालं.

शेवटच्या शिडीखाली रांग थांबली ती थांबलीच. वर फोटोवाल्यांनी जागा अडवली होती म्हणे. तिथं नाशिकचे एक गृहस्थ भेटले, मुलगी काय करते विचारू लागले. मी सांगितलं. हिंजवडीला मोठ्या कंपनीत आहे, सात वर्षं झाली, कंपनी तिला सोडायला तयार नाही, गुरुवारी येते म्हणत होती, मीच म्हटलं कामाचा खाडा नको. गृहस्थ म्हणाले, नशीबवान आहात. स्वरूपा खाली वाकून बुटाची नाडी बांधत होती. बराच वेळ बांधत होती.

ऊन चढलं, माझा गुडघा धरला. ती म्हणाली, "पप्पा, राहू द्या. इथूनच नमस्कार करू." दोघांनी खालूनच हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदा मी शिखराखालून परत फिरलो.

उतरताना ती गप्प होती, ती तर नेहमीचीच. नारायणगावला मिसळ खाल्ली तेव्हाही गप्प. चाकणच्या चौकात गाड्या तुंबल्या होत्या, तिथं समोर बघत तिनं विचारलं, "पप्पा, माणसानं आपलं गाव सोडून लांब जावं का हो?"

मला वाटलं माझ्याबद्दल विचारतेय. म्हटलं, "जावं की. मी गाव सोडलं नसतं तर तू कुठं शिकली असतीस? घाबरून एका जागी बसलेल्याचं काही होत नाही."

"हं," म्हणाली. मग गाड्या सुटल्या.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

शिखर राहिलं ते मनातून जात नाही. शॉपमध्ये सगळ्यांना 'कळसूबाई झाली' असंच सांगितलं. भीमराजला तेवढं खरं सांगितलं. तो म्हणाला, "डिसेंबर गेला की रोज जा, कोण विचारतंय तुला." खरंच आहे. थंडीत एक गुरुवार धरून पोरीला म्हणेन, आता घे रजा. तोवर तिच्या रजाही साठलेल्या असतील.

गुरुवार, २५ सप्टेंबर

आज माझी सुट्टी म्हणून स्वरूपा आणि जयदीपराव दुपारीच आले. घटापुढे नमस्कार करून स्वरूपा माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि सरळ सांगितलं. तिच्या कंपनीनं ऑगस्टमध्येच अख्खी टीम काढली. तिलाही. तेव्हापासून ती घरीच होती. दोन ठिकाणी काम मिळत होतं, एक इथं भोसरीत, लहान कंपनी, हुद्दा खालचा. दुसरं बेंगळुरूला. बेंगळुरूचं तिनं घेतलं. जयदीपरावांनीही तिकडे बदली मागून घेतली. दसरा झाला की निघायचं.

मी म्हटलं, "अरे वा." मग म्हटलं, "चांगलं केलंस. अभिनंदन." हातही मिळवला पोरीशी, तिच्या साहेबासारखा.

जयदीपराव म्हणाले, "तिचं ठरत नव्हतं पप्पा. पंधरा तारखेपर्यंत कळवायचं होतं. कळसूबाईहून आली आणि त्याच रात्री हो कळवून टाकलं."

"तुम्हीच म्हणालात ना चाकणला," स्वरूपा म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या आवाजात. असती तर बरं झालं असतं.

ती गेल्यावर मी मंजुषावर ओरडलो. तुला माहीत होतं ना? मला का नाही सांगितलंस?

"गौरीच्या दिवशीच सांगितलं तिनं मला," मंजुषा म्हणाली. "शपथ घातली. म्हणाली, पप्पांना मी स्वतः सांगणार, शिडीवर. दुसरीकडे मला जमायचं नाही. आणि मी तुम्हाला सांगितलं नाही? गुरुवारी जा, गुरुवारी जा, अजून कोणत्या भाषेत सांगायचं होतं?"

संध्याकाळच्या आरतीला मी उठलो नाही, पाय दुखतोय म्हणालो.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

कंपनीत आम्हाला शिकवलंय, मशीन बंद पडलं की पाच वेळा 'का' विचारायचं. का थांबलं? फ्यूज उडाला. का उडाला? लोड आला. का आला? असं खाली खाली जायचं, मग खरं दुखणं हाताला लागतं. नवीन पोरांना हे मीच शिकवतो.

सोमवारी पोरगी दिवसभर घरी. 'का' विचारलं नाही. लॅपटॉप नाही, विचारलं नाही. सात वर्षांत कधी नाही ती गुरुवार मागते, विचारलं नाही. एक 'का' पुरला असता. मला वाटलं मी तिची नोकरी सांभाळतोय.

शनिवार, ४ ऑक्टोबर

परवा दसरा गुरुवारीच आला. शॉपमधली पोरं करवादली, एक सुट्टी बुडाली म्हणून. स्वरूपाकडे सोनं द्यायला आम्हीच वाकडला गेलो. घरभर खोकी. तिनं आपट्याचं पान हातावर ठेवलं आणि पाया पडली. 'राहतेस का इथंच' हे शब्द माझ्या अगदी ओठांवर आले होते. पण सामान बांधलेल्या घरात तसं कसं म्हणायचं? तिकडे सोमवारी रुजू व्हायचं, पहिल्याच दिवशी खाडा कसा चालेल? असलं सगळं माझ्या डोक्यात फिरत राहिलं आणि मी म्हटलं, "वेळेवर जेवत जा."

आज पहाटे गेली. मी पहिल्या शिफ्टला होतो. रजा टाकता आली असती. यंदाची हजेरी तशीही मोडलेलीच होती. तरी गेलो कामाला. का गेलो ते मला सांगता येत नाही.

रविवार, २ नोव्हेंबर

दिवाळीला ती आली नाही, नवीन ठिकाणी रजा मिळत नाही. व्हिडिओवर दिसली, मागे पांढरी भिंत. दर रविवारी फोन करते, पण तेव्हा मी कंपनीत. मग मंजुषा संध्याकाळी मला सांगते काय बोलली ते.

बुधवार, ३१ डिसेंबर

निरोप झाला. नारळ, शाल, मोठ्या साहेबांचं भाषण. साहेब म्हणाले, नवनाथभाऊंची रजा म्हणजे शॉपमधली बातमी असायची. सगळे हसले. सनीनं माझं कार्ड परत घेतलं तेव्हा त्याचेच डोळे भरून आले. भीमराजनं बसमध्ये आज खिडकी मला दिली.

उद्या गुरुवार. परवा शुक्रवार, तोही गुरुवारच.

गुरुवार, ८ जानेवारी २०२६

आज कळसूबाईला जाऊन आलो. भावाच्या घरी बसून लिहितोय.

मंजुषाला चल म्हटलं होतं. ती म्हणाली, तुम्ही एकटेच जा, तुमचं तिथं काम आहे.

डोंगर पूर्वीसारखा मोकळा. सोनकी केव्हाच वाळून गेलेली, गवत तांबूस झालेलं. मी गुडघ्याला पट्टा बांधून, काठी टेकत, सावकाश चढलो. विहिरीपाशी छबूबाई एकटीच बसली होती. मला लांबून ओळखलं.

"या पप्पा," ती म्हणाली. स्वरूपा म्हणते म्हणून तीही मला पप्पाच म्हणते, वयानं माझ्याएवढी असून. "एकलेच?"

"एकटाच."

तिनं ताक दिलं. म्हणाली, "पोरगी आलती की तुमची. गनपती गेल्यावं, बेस्तरवारी. ती बी अशीच एकली."

मी म्हटलं, गुरुवारी नव्हे, रविवारी आलो होतो आम्ही, दोघे, तू गर्दीत होतीस.

"त्ये नव्हं. त्याच्या आधी. बेस्तरवार व्हता, मला काय कळत न्हाई व्हय? हितं ह्या दगडावं बसली व्हती दुपारपोत्तर. म्या म्हनलं, वर जा की. तर म्हनली, न्हाई मावशी, वर पप्पांच्या संगं जानार, रईवारी. आज नुसती बोलायची सवय करायला आले. पप्पांना एक सांगायचंय, आधी तुला सांगून बघते."

ताकाचा पेला मी खाली ठेवला.

"समदं सांगितलं मला. काम गेलं म्हनली, लांब जावं लागंल म्हनली. रडली बी. म्या म्हनलं, आगं, बाप काय खातोय का तुला? तवा डोळं पुसून हसली. म्हनली, पप्पांनी एकदा नुसतं राहा म्हनलं ना मावशी, की मी राहते." छबूबाईनं पेला परत भरला. "मंग? राहिली न्हवं पोरगी?"

मी मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, ते माझं मलाही कळलं नाही. तिनं ते होय धरलं आणि म्हणाली, "लई चांगलं झालं बया."

पुढच्या शिड्या मी कशा चढलो आठवत नाही. समोर कुणी नव्हतं, नुसता लोखंडाचा गारवा हाताला.

वर पुजारी होता. मला पाहून त्यानं नारळाचे दोन तुकडे हातावर ठेवले. मुलगी मागून येतेय असं समजला असेल. देवळाच्या मागे रेंज येते, तिथं उभा राहून स्वरूपाला फोन लावला. दुसऱ्याच रिंगला उचलला.

"पप्पा? एवढा वारा कुठला? कुठं आहात?"

"वर आहे," मी म्हटलं.

ती अगदी हळू म्हणाली, "आज गुरुवार ना?"

"गुरुवारच. कुणी नाही इथं."

पलीकडून कुणीतरी तिला हाक मारली, इंग्रजीत. ती म्हणाली, "पप्पा, मी मीटिंगमध्ये आहे. रविवारी बोलू का निवांत?"

"बोलू की," मी म्हटलं. "जा तू. काम कर."

तिनं फोन ठेवला तरी मी कानाला धरून होतो.

नारळाचा एक तुकडा खाल्ला, एक खिशात ठेवला. उतरायला निघालो. शेवटच्या शिडीला पाठमोरं उतरावं लागतं, तोंड खडकाकडे. चार पायऱ्या उतरलो आणि थांबलो. दोन्ही हातांत कठडे, नाकासमोर काळा दगड, आजूबाजूला चिटपाखरू नाही. आणि मला बोलता आलं.

"राहा गं," मी म्हणालो. "जाऊ नकोस. राहा इथंच."

दोनदा म्हणालो. मग पायानं खालची पायरी चाचपली आणि उतरलो.